पोरगा म्हणतो मी रेडी, पुतणी म्हणते मला जमणार नाही: आधी दोघांची अकरावी बघा

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. घरात दोन मुलं बारावी सायन्सला, एक तुमचा मुलगा आणि एक पुतणी, गाव पारोळा तालुक्यात. मुलाला दहावीला ९१ टक्के, तो म्हणतो मी एकदम रेडी आहे, पुण्याला इंजिनिअरिंगला जातो, टेन्शन घेऊ नका. पुतणीला ८४, ती म्हणते मला बाहेर जमणारच नाही, मी इथेच बीएस्सी करते. आणि तुम्हाला विचारायचंय की यांचं स्वतःबद्दलचं हे म्हणणं कितपत खरं धरायचं.

मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, आधी धुळे जिल्ह्यात होतो, आता बरीच वर्षं जळगाव जिल्ह्यात. आमची जी मुलं पुढे जातात त्यांच्याशी पहिलं वर्ष संपेपर्यंत तरी फोनवर बोलणं ठेवतो, त्यामुळे बारावीत कोण काय म्हणत होतं आणि एफवायला (डिग्रीच्या पहिल्या वर्षाला) त्याचं काय झालं हे दोन्ही बघायला मिळतं. त्यावरून सरळ सांगतो, दोघांचंही म्हणणं आत्ता बाजूला ठेवा. दोघं खोटं बोलत नाहीयेत, त्यांना आतून तसंच वाटतंय, पण आतून काय वाटतं आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्या टेस्टला काय होतं याचा मेळ फार कमी वेळा बसलेला मी बघितलाय.

मुलाचं आधी घेऊ. ९१ म्हणजे शाळेत पहिल्या तिघांत असेल आणि आताही वर्गात पुढेच असेल. मुलं स्वतःला मोजतात ती शेजारच्या बाकावरच्या मुलाशी, दुसरं माप त्यांच्याकडे असतच नाही. हर्बर्ट मार्श नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियात यावर भरपूर काम केलंय, १९८७ चा त्याचा पेपर प्रसिद्ध आहे. सारख्याच कुवतीची दोन मुलं, एक साध्या शाळेत आणि एक हुशार मुलांनी भरलेल्या शाळेत, तर साध्या शाळेतल्याला आपण अभ्यासात भारी आहोत असं जास्त वाटतं. लहान तळ्यातला मोठा मासा असंच त्याला नाव पडलंय. हे मी आपल्याकडे दर वर्षी बघतो. तालुक्याचा टॉपर पुण्याला जातो, तिथे वर्गात साठ-सत्तर पोरं, सगळीच कुठल्या ना कुठल्या तालुक्याची टॉपर, आणि पहिल्या टेस्टला वीसपैकी सात पडतात. त्याची कुवत त्या दिवशी काही कमी झालेली नसते, तळं बदललेलं असतं, पण असं होणारच आहे हे त्याला कोणी आधी सांगितलेलं नसतं म्हणून तो घरी फोन करतो की माझं इथे काही खरं नाही, मला परत यायचंय. जूनमध्ये शंभर टक्के रेडी होता तोच मुलगा, ऑक्टोबरमध्ये शून्य टक्के, आणि दोन्ही वेळा माप चुकलेलं.

आता मार्कांचं. बारावीला फिजिक्सचे ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल. ते ३० कसे पडतात हे आपल्या सगळ्यांना माहितीये, जर्नल पूर्ण केलं (बहुतेक वेळा दुसऱ्याचं बघून), तोंडीला दोन-चार उत्तरं दिली की २७-२८ हातात. म्हणून माझ्याकडे कोणी मार्कलिस्ट घेऊन आलं की पहिलं प्रॅक्टिकल वजा करायला लावतो. ८२ मधून २९ गेले तर ५३ राहतात, ७० पैकी ५३ म्हणजे ७६ टक्क्यांच्या आसपास, ठीक आहे. पण ६५ वाल्याचे २९ काढले की उरतात ३६, म्हणजे निम्म्याच्या जेमतेम वर, आणि हा मुलगा स्वतःला फर्स्ट क्लासचा समजून फॉर्म भरत असतो. निकालाची वाट बघायची गरज नाही, प्रिलिमचे लेखी पेपर घरात असतील तेच काढा.

सीईटीच्या (इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या) मॉक टेस्टचंही तसंच. एमएचटी-सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे पोरं एकही प्रश्न सोडत नाहीत, आणि सोडूही नये, परीक्षेसाठी ते बरोबरच आहे. पण गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, त्यातले २० चार पर्यायांतून नुसत्या अंदाजाने टिक केले तरी सरासरी पाच बरोबर येतात, म्हणजे दहा मार्क फुकटचे, आणि मूल ते दहा मार्क स्वतःच्या अभ्यासात धरतं. यावर मी एक करायला लावतो आणि तुम्हीही मुलाला लावा. पुढच्या मॉकला प्रत्येक उत्तरापुढे कच्च्या कागदावर 'प' किंवा 'अं' लिहायचं, पक्कं की अंदाज. मग उत्तरं तपासताना एकूण मार्क बघायचेच नाहीत, फक्त 'प' लिहिलेल्यांपैकी किती चुकले ते मोजायचं. तीस 'प' पैकी दोन-तीन चुकले तर मुलाला स्वतःचा अंदाज चांगला आहे, त्याचं 'मी रेडी' मी मनावर घेईन. तीसपैकी बारा चुकले तर त्याला आपल्याला काय येत नाही तेच माहीत नाही, आणि पहिल्या वर्षी केटी लागणाऱ्यांत (म्हणजे विषय मागे राहणाऱ्यांत) अशीच मुलं मी जास्त बघितली आहेत. सगळे 'अं' लिहूनही निम्मे-अधिक बरोबर आणणारीही असतात, त्यांना येत असतं पण येतंय यावर विश्वास नसतो. तुमच्या पुतणीलाही हे करायला लावा, मला तिचा आकडा बघायची जास्त उत्सुकता आहे.

सीईटीच्या निकालातलं पर्सेंटाइल आणि टक्के यांचा घोळ अजून घरोघरी आहे म्हणून एका ओळीत सांगतो, ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी ९० मार्क नव्हेत, तीन लाख पोरं बसली असतील तर साधारण तीस हजार पुढे आहेत असा त्याचा अर्थ.

मुलांचा अंदाज इतका का चुकतो याचं मोठं कारण अभ्यासाची पद्धत आहे. आपल्याकडे अभ्यास म्हणजे वाचणं, परत वाचणं, हायलायटर मारणं आणि आता क्लासचा रेकॉर्डेड व्हिडिओ दीडच्या स्पीडने परत बघणं. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. एका गटाने चारही सत्रं उतारा वाचला, दुसऱ्या गटाने एक सत्र वाचला आणि पुढची तीन सत्रं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. पण आपल्याला आठवड्याने किती आठवेल असं आधी विचारलं होतं तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. म्हणजे परत परत वाचल्याने पान ओळखीचं होतं आणि ओळखीचं झालं की येतंय असं वाटायला लागतं. मूल जेव्हा म्हणतं 'सर, सगळं झालंय' तेव्हा मी फळ्याकडे बोट करतो आणि खडू देतो, एवढंच.

आता मुख्य गोष्ट, जी माझ्या मते सगळ्यात खरी साक्ष आहे आणि जिच्याकडे कोणीच बघत नाही, ती म्हणजे अकरावी. दहावीला आणि बारावीला मुलाच्या मागे सगळं घर असतं, क्लासवाले असतात, बोर्ड असतं, आई पहाटे उठवते, मामा फोन करून विचारतो किती झालं. त्या दोन वर्षांत मूल किती अभ्यास करतं यावरून त्याच्यामागे किती जण होते ते कळतं. अकरावीला कोणी नसतं. घरचीच परीक्षा, नापास कोणी करत नाही, सगळे म्हणतात आरामाचं वर्ष आहे. आणि डिग्रीचं पहिलं वर्ष हुबेहूब अकरावीसारखं असतं! हजेरीचं कोणी घरी कळवत नाही, रूमवर कोणी उठवत नाही, परीक्षा लांब दिसते, आणि इंजिनिअरिंगला कॅप राउंड (सरकारी प्रवेश फेऱ्या) लांबले की पहिलं सेमिस्टर तीन-साडेतीन महिन्यांत उरकतं त्यामुळे दिसेदिसेपर्यंत ती अंगावर येते. तर मागे कोणी नसताना हे पोर काय करतं, याचा पुरावा तुमच्या घरात अकरावीच्या वह्यांच्या रूपात पडलेला आहे. रद्दीत दिल्या नसतील तर काढा.

वहीत काय बघायचं? किती तारखेपर्यंत भरली आहे ते. बहुतेकांची दिवाळीपर्यंत असते, त्यानंतर कोरी. उदाहरणं फळ्यावरून उतरवलेली आहेत की स्वतः सोडवून कुठेतरी खाडाखोड झालेली आहे ते. खाडाखोड असलेली वही मला स्वच्छ वहीपेक्षा फार आवडते. आणि मधे खंड पडला असेल तर त्यानंतर काय झालं ते. आपल्याकडे दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत, घरची पोरं पंधरा-पंधरा दिवस कॉलेजला येत नाहीत, हे मी आळसात धरत नाही. माझ्याकडे शिंदखेड्याकडची एक मुलगी होती, वेचणीच्या दिवसांत तीन आठवडे आलीच नाही, आल्यावर मैत्रिणीची वही नुसती उतरवून घेतली नाही तर प्रत्येक धड्याखाली न समजलेल्या गोष्टींचे प्रश्न लिहून आणले आणि मधल्या सुट्टीत मला गाठून विचारले. दहावीचे मार्क म्हणाल तर सत्तरीतले. ती बारावीत स्वतःला कमीच समजायची, पण मी तिच्या वडिलांना न घाबरता सांगितलं की हिला कुठेही पाठवा. नाशिकला फार्मसी केली, पहिल्या वर्षाला एकही विषय राहिला नाही.

मुलाची अकरावी कोरी असेल तर त्याला पाठवू नका असं मी म्हणत नाहीये. त्याला फक्त ते त्याच्या डोळ्यांनी बघू द्या आणि विचारा, पुण्याला रूमवर याहून वेगळं काय होणार आणि का. त्याच्याकडे उत्तर असेल तर चांगलंच. (सीईटीला साधारण २० टक्के भाग अकरावीचा असतो, त्यामुळे ती वही भरण्याचा तसाही फायदाच आहे.)

आता पुतणी. 'मला जमणार नाही' हे वाक्य मी मुलींकडून मुलांपेक्षा कितीतरी जास्त ऐकतो आणि बरेचदा त्यात अभ्यासाचा संबंधच नसतो. तिला शांतपणे बसवून विचारा, काय जमणार नाही. अभ्यास? इंग्रजी? एकटं राहणं? पैसे? की घरचे पाठवणार नाहीत हे तिला माहितीये आणि नकार ऐकण्यापेक्षा आपणच नाही म्हटलेलं बरं असं तिने ठरवलंय? हे शेवटचं असेल तर तयारी तिची नाही, घराची बघायची आहे. आणि जी मुलगी कधी पारोळ्याहून धुळ्याला एकटी एसटीने गेली नाही, बँकेत स्लिप भरली नाही, कुठल्या ऑफिसात जाऊन दोन शब्द बोलली नाही, तिला विचारलं की बाहेर जमेल का तर ती नाहीच म्हणणार, करून बघितलेलंच नाही तर हो कशाच्या जोरावर म्हणेल? मुलाला ही सगळी कामं तुम्ही आपोआप दिलीत, गाडीची चावी दिलीत, त्याचा आत्मविश्वास तिथून आलाय. त्याला कुकर लावता येतो का, स्वतःचे कपडे धुता येतात का, हे कोणी विचारलं नाही म्हणून तो स्वतःलाही विचारत नाही. दोघांची कामं दोन महिने अदलाबदल करून द्या. मी हे अगदी मनापासून सांगतोय, यात खर्च काहीच नाही.

इंग्रजीचं वेगळं बोलायला हवं कारण आपल्या भागातल्या हुशार मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान या एका भीतीने केलंय. घरी अहिराणी, शाळेत मराठी, अकरावीत एकदम इंग्रजी, आणि नंदुरबारकडे तर घरी पावरी किंवा मावची, म्हणजे आणखी एक पायरी. मुलं मला सांगतात, सर, माले समजस पन सांगता येत नही. आणि यावरून ती ठरवून टाकतात की आपण कॉलेजच्या लायकीचे नाही. पण पहिल्या वर्षाला लागतं ते वाचणं आणि लिहिणं, बोलणं नंतर येतं, हॉस्टेलला सहा महिन्यांत येतं. म्हणून बोलता येतं का हे तपासूच नका, वाचता येतं का ते तपासा. एफवायचं एखादं इंग्रजी पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीतून आणा, न शिकवलेल्या धड्याची चार पानं घ्या, मोबाईल दुसऱ्या खोलीत, डिक्शनरी चालेल. संध्याकाळी वाचायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक न उघडता जेवढं आठवतं तेवढं लिहायचं, मराठीत लिहिलं तरी चालेल. पानभर आलं तर इंग्रजी अडवणार नाही. चार ओळी आल्या तर बघा शब्द अडले की विषय अडला, दोन्हीचे उपाय वेगळे. शब्द अडले असतील तर रोज दोन पानं, जूनपर्यंत खूप फरक पडतो, हे मी होताना बघितलंय.

तसंच ऐकायचं. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर फुकट आहेत, स्वयम पोर्टलवरही आहेत. पहिल्या वर्षाचं एखादं लेक्चर लावायचं आणि न थांबवता नोट्स काढायच्या, पॉज करायचं नाही कारण वर्गात सर पॉज होत नाहीत. पहिल्यांदा सगळ्यांचीच फजिती होते, त्याने घाबरू नका. चौथ्या-पाचव्या लेक्चरला नोट्स सुधारतायत का एवढंच बघायचं.

आणि मदत मागता येते का. ही गोष्ट कुठल्याच मार्कलिस्टवर नसते पण पहिलं वर्ष कोण तरतं आणि कोण बुडतं ते मी यावरून जवळजवळ ओळखतो. आपल्याकडे सरांना शंका विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे चारचौघांत कबूल करणं असं मुलांना वाटतं, आणि जितकं मूल हुशार म्हणून नावाजलेलं तितकं ते कमी विचारतं. तुमच्या मुलाला सांगा, जे सर त्याला शिकवत नाहीत अशा एखाद्या सरांकडे जा आणि एक अडलेलं गणित विचारून ये. तो गेला, त्यांनी नंतर ये म्हटलं, तो परत गेला, असं झालं तर चांगलं लक्षण. यूट्यूबवर बघतो म्हणाला तर यावर काम करायला हवं. आता चॅटजीपीटीला विचारतो असंही म्हणतात, विचारू दे, पण इंटर्नलचे मार्क आणि प्रॅक्टिकलची बॅच हे सगळं माणसांकडे जाऊनच सुटतं.

एवढं करूनही पक्कं हो किंवा नाही असं उत्तर मिळणार नाही, ते कोणालाच मिळत नाही. अमेरिकेत एसीटी नावाची परीक्षा आहे, ते लोक कॉलेजच्या तयारीचा आकडा काढतात, गणिताला ३६ पैकी २२ असा. पण त्या २२ चा अर्थ काय, तर एवढे मार्क असलेल्या मुलाला पहिल्या वर्षीच्या त्या विषयात बी किंवा वरची ग्रेड मिळण्याची शक्यता साधारण ५० टक्के आणि सी किंवा वरची मिळण्याची साधारण ७५ टक्के. इतकी मोठी यंत्रणा लावून तेसुद्धा शक्यताच सांगतात, मग सतरा वर्षांच्या पोराने छाती ठोकून रेडी म्हणणं किंवा पोरीने रडून नाही म्हणणं हे त्या दिवसापुरतंच धरा.

पुतणीच्या 'इथेच बीएस्सी' बद्दल एक. इथे करणं म्हणजे हार असं घरात कोणी बोलू नका. १९९० ला जळगावला आपलं विद्यापीठ झालं तोपर्यंत इथली कॉलेजं पुणे विद्यापीठालाच जोडलेली होती आणि तेव्हाही इथून शिकून लोक मोठ्या जागांवर गेलेत. तिने भीतीने नाही, बघून-सवरून इथलं निवडलं तर आनंदाने करू द्या. पण आधी वरचं सगळं तिला करून बघू द्या, मार्चमध्ये बोर्ड संपल्यावर आणि सीईटी झाल्यावर वेळच वेळ असतो. पैशाचं कारण सांगत असेल तर हे माहीत असू द्या की २०२४-२५ पासून ज्या घरांचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत आहे तिथल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी सरकारकडून पूर्ण माफ आहे, मात्र प्रवेश कॅपमधून हवा. मेस आणि हॉस्टेलचा खर्च त्यात येत नाही, तो वेगळा धरा.

आणि कागदपत्रं. दरवर्षी कोणाची ना कोणाची सीट यात अडकते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रिमिलेअर लागत असेल तर त्याची मुदत, आणि लागू असेल तर जात पडताळणी. पडताळणीचा अर्ज बारावी चालू असतानाच कॉलेजमार्फत करायचा असतो, जून उजाडल्यावर समितीच्या ऑफिसला गर्दी असते आणि हेलपाटे पडतात. तहसीलला तुम्ही स्वतः जाऊ नका, दोघांना पाठवा, पुतणीला आधी.